गाडीने चार तासांवरची इटली

बसा, चहा घ्या, आणि आधीच सांगून ठेवतो, मध्ये हसायचं नाही. हसू येणारच, पण ते घरी जाऊन हसा. इथे ह्यूस्टनजवळ, शुगर लँडमध्ये हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे, फक्त प्रत्येकाला वेगळा माहीत आहे. कुणी म्हणतं मला वेबसाइटने फसवलं, कुणी म्हणतं मी बायकोला फसवलं. मला कुणीही फसवलं नाही हो. जे केलं ते मी एकट्याने केलं, कुणाचीही मदत न घेता.

मी माणूस कसा, ते आधी ऐका. छत्तीस वर्षं मी रिफायनरीच्या पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक टीप असते. ती वाचली नाही म्हणून मी चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना भर मीटिंगमध्ये उभं करून झापलेलं आहे. ऑफिसात माझी ख्यातीच ती होती. श्रीनिवास म्हणजे शेवटचं अक्षर वाचणारा माणूस.

आणि माझी बायको शैला. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिने माझ्याकडे आयुष्यात दागिना मागितला नाही, मोठं घर मागितलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. इटलीतल्या डोंगराळ भागात, एखाद्या खेड्यात, शेतातल्या दगडी घरात पंधरा दिवस राहायचं. हॉटेल नको, म्युझियम नको, तो वाकडा मनोरा तर नकोच नको. कुणीतरी वयस्क बाई असावी, तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिथली माणसं रोज घरी काय खातात ते शिकावं, बस. लॅबच्या वेटिंग रूममधल्या एका मासिकातलं अशा घराचं चित्र तिने कापून आणलं होतं. ते आमच्या तीन घरांच्या तीन फ्रिजवर राहिलं.

मग गेलो का नाही? आधी ग्रीन कार्ड अडकलं होतं. मग माझी आई इथे आली, आजारी पडली. मग मुलीचं, ऋचाचं कॉलेज. मग माझा लुइझियानाचा प्रोजेक्ट, तो तीन वर्षांचा होता आणि सात वर्षं चालला. प्रत्येक कारण खरं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त प्रत्येक कारण माझं होतं. तिने विचारणं कधी थांबवलं तेही मला कळलं नाही.

मी रिटायर व्हायला दोन महिने होते तेव्हा ऋचाचा ॲन आर्बरहून फोन आला. ती तिथे युनिव्हर्सिटीत रिसर्च करते. म्हणाली, बाबा, आता तरी आईला घेऊन जा. आणि हॉटेल बुक करू नका, इटलीत टस्कनीच्या हिल कंट्रीमधलं फार्महाउस बघा, जिथे कुकिंग शिकवतात तसं. मी कागदावर लिहून घेतलं आणि त्याच संध्याकाळी वेबसाइट उघडून जसंच्या तसं टाइप केलं. टस्कन फार्महाउस, हिल कंट्री, कुकिंग.

पहिलाच फोटो बघितला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. दगडी भिंती, लाल कौलं, उंच सुरूच्या झाडांची रांग, मागे ऑलिव्हचा मळा. दारात ॲप्रन बांधलेली एक बाई, ग्राझिएला, वय सत्तरच्या पुढे. रोज सकाळी स्वयंपाकघरात आमच्याबरोबर या, असं लिहिलेलं. मी म्हटलं, झालं काम. ऑक्टोबरचे दहा दिवस मोकळे होते, ते बुक करून टाकले.

आता तुम्ही म्हणाल, काहीच कसं खटकलं नाही? खटकलं ना. तापमान फॅरनहाइटमध्ये होतं. मला वाटलं, अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी केलं असेल, कौतुक आहे. एका गेस्टने रिव्ह्यूमध्ये ‘यॉल’ लिहिलं होतं. म्हटलं, आमचे टेक्सन लोक कुठे कुठे पोचतात बघा. आणि चेक-इनची वेळ होती, दुपारी चार, सेंट्रल टाइम, म्हणजे आमच्या टेक्ससचीच वेळ. मी समजलो, सेंट्रल इटलीचा टाइम.

हसू नका म्हटलं होतं ना.

रिटायरमेंटची पार्टी झाली ती कम्युनिटी हॉलमध्ये, मार्चमध्ये. महाराष्ट्र मंडळातली साठ-सत्तर माणसं होती. मी भाषण केलं आणि शेवटी खिशातून त्या घराचा प्रिंटआउट काढला, नुसता फोटो, आणि शैलाच्या हातात दिला. सगळ्यांसमोर सांगितलं की ऑक्टोबरमध्ये आम्ही इटलीला, शेतघरात राहायला जातोय.

तिने फोटोकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही हे कधी ऐकलंच नाहीये.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा किती फुगलो असेन, याचा तुम्हीच अंदाज करा. गाव कुठलं, रोमपासून किती लांब, असं तिने घरी येऊन विचारलं. मी म्हटलं, सरप्राइज आहे, तू काहीही शोधायचं नाहीस. आणि तिने खरंच शोधलं नाही. एवढा विश्वास ठेवला.

पुढचे सहा महिने आमच्या घरात इटलीशिवाय विषय नव्हता. ती रोज सकाळी टेबलाशी फोन घेऊन बसायची आणि इटालियन शिकायची. मीठ द्या, पीठ चाळा, तुमची आई हे कसं करायची? एकेक वाक्य दहा दहा वेळा. डोंगर चढायचा म्हणून दुखऱ्या गुडघ्याने आमच्या वस्तीला, सबडिव्हिजनला, चकरा मारायची. मंडळाच्या गणपतीत बायकांनी तिच्याकडे ऑर्डरी दिल्या, कुणाला ऑलिव्ह ऑइल, कुणाला लेदरची पर्स. नागपूरच्या देशमुख वहिनी, आमच्या शेजारच्या स्ट्रीटवर राहतात, त्यांनी तर तिला चालायचे बूट आणून दिले.

विमानाची तिकिटं मी ठेवली होती शेवटी काढायची. ऑक्टोबरात गर्दी नसते, शेवटी शेवटी स्वस्त होतात, असा माझा सिद्धांत होता. निघायला तीन आठवडे उरले तेव्हा मी ग्राझिएलाबाईंना मेसेज केला की आम्हाला जवळचा एअरपोर्ट कुठला, रोम की फ्लॉरेन्स?

पाच मिनिटांत उत्तर आलं. “हनी, दोन्ही नाही. ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियो. पण शुगर लँडची माणसं सरळ ड्राइव्ह करून येतात, चार तास लागतात. गेटजवळ हरणं असतात, सावकाश या.”

मी ते तीनदा वाचलं. मग ती जाहिरात उघडली आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदाच, वरपासून खालपर्यंत वाचली. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, टेक्सस हिल कंट्रीच्या मधोमध, टस्कन स्टाइल घर. आमच्या टेक्ससच्या डोंगराळ भागाचं नावच हिल कंट्री आहे. बारीक अक्षरातही नव्हतं हो. चांगलं ठळक होतं.

ऋचाला फोन केला. तिने लिंक उघडली. वाचली आणि म्हणाली, “बाबा, इट सेज टेक्सस. इट लिटरली सेज टेक्सस.”

मग म्हणाली, अजून तीन आठवडे आहेत, खरी इटली शोधा. मी शोधायला बसलो. मिळालंही असतं काहीतरी. म्हणून पासपोर्टची फाइल काढली. आमच्या घरात पासपोर्ट मी सांभाळतो, कारण मी शेवटचं अक्षर वाचणारा माणूस. माझा ठीक होता. शैलाचा जूनमध्येच संपलेला होता.

ऋचा म्हणाली, आजच्या आज आईला सांगा. बरोबर होतं तिचं. मी खाली गेलो. शैला टेबलाशी बसून म्हणत होती, तुमची आई हे कसं करायची, तुमची आई हे कसं करायची. मी पाण्याचा ग्लास भरला आणि परत वर गेलो.

असं रोज झालं, एकवीस दिवस. तुम्ही मला भित्रा म्हणा, म्हणाच. पण या बाईला आणखी एकदा ‘आत्ता जमत नाही’ म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघेना. मला वाटायचं, काहीतरी होईल. काय होईल? वादळ येईल, विमानं बंद पडतील. ह्यूस्टनमध्ये राहून मी वादळ यावं म्हणून हवामानाचा अंदाज बघत होतो. एक ढग आला नाही.

निघायच्या दिवशी तिने विचारलं, पासपोर्ट घेतले का? मी म्हटलं, घेतले. खरंच घेतले होते, दोन्ही.

गाडी मी आय-टेन हायवेवर घेतली आणि पश्चिमेला निघालो. केटी गाव मागे गेलं, घरं विरळ झाली, शेतं सुरू झाली. एअरपोर्ट उत्तरेला आहे हे तिला माझ्याइतकंच माहीत. शेवटी म्हणाली, “अहो, एअरपोर्ट मागे राहिला.”

म्हटलं, थांबून सांगतो. आणि जिथे एक्झिट मिळाली तिथे गाडी उतरवून गॅस स्टेशनवर लावली. पाटी वाचली तर त्या गावाचं नाव कोलंबस. अहो, खरंच आहे त्या नावाचं गाव. जायचं एकीकडे आणि पोचायचं भलतीकडे, या बाबतीत जगात माझ्या आधी ज्याचा नंबर लागतो, नेमक्या त्याच माणसाच्या गावात मी बायकोला सगळं सांगितलं. वेबसाइट, हिल कंट्री, पासपोर्ट, सगळं.

मला वाटलं ओरडेल. मी त्याची तयारीही केली होती. तिने फक्त विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, तीन आठवडे झाले.

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. म्हणाली, “म्हणजे तीन आठवडे मी रोज सकाळी ते बोलत होते, आणि तुम्ही बसून ऐकत होतात.”

मी गाडीची चावी हातात घेतली.

म्हटलं, घरी वळवू का गाडी? ती म्हणाली, घरी जाऊन देशमुख वहिनींना काय सांगू? चला आता पुढे. पुढे अडीच तासांचा रस्ता होता. मी मध्ये एकदा हरीण दाखवलं. तिने बघितलं नाही.

घर मात्र फोटोतल्यासारखंच होतं, तक्रारीला जागाच नव्हती. ग्राझिएलाबाई दारात उभ्या. शैला गाडीतून उतरली आणि तिने सहा महिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तुम्हाला भेटून आनंद झाला वगैरे, इटालियनमध्ये. सवयीने निघून गेलं असेल तोंडातून. त्या बाईने दोन्ही हात गालांवर ठेवले. मग शैलाचे हात धरले आणि इटालियनमध्ये जी सुरू झाली ती थांबेचना. शैलाला त्यातलं चौथाई कळत असेल. पण दोघी आत गेल्या. सामान मी आणलं.

ती बाई खरीखुरी इटलीच्या डोंगरातली निघाली. उंब्रिया म्हणून भाग आहे, तिथल्या दगडी खेड्यातली. बाविसाव्या वर्षी एका टेक्सन सैनिकाशी लग्न करून इथे आली. पहिली दोन वर्षं रोज रडायची. नवरा भला माणूस, त्याने तिच्या गावच्या फोटोवरून हे घर बांधलं, झाडं लावली, आणि म्हणाला, हे घे तुझं गाव, आता जायला नको. तो वारून सहा वर्षं झाली. ती एकदाही परत गेली नव्हती. हे तिने पहिल्याच जेवणाला सांगितलं. शैलाने ऐकलं, आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी गडबडीने विषय बदलला. पावाचा तुकडा तोंडात टाकून म्हणालो, पाव छान आहे, फक्त मीठ घालायचं राहिलंय. ग्राझिएलाबाईंनी मला समजावलं की आमच्याकडे पावात मीठ घालतच नाहीत, शेकडो वर्षं नाही, कारण बाकीचं जेवण खारट असतं. त्या दिवसापासून माझ्या ताटाशेजारी मिठाची बरणी वेगळी ठेवलेली असायची. पूर्ण किलोची.

शैला मात्र त्या स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांसमोर दहा वर्षांनी लहान झाली. तिथे पाण्यात पीठ भिजवून हाताने लांब जाड शेवया वळतात. ग्राझिएलाबाई शिकवायला लागल्या आणि थांबल्या, कारण शैलाच्या बोटांखालून भराभर सारख्या शेवया निघत होत्या. लहानपणी लग्नघरात आईबरोबर गव्हले वळलेली मुलगी ती, तिला काय शिकवायचं? पांढऱ्या बीन्सचं सूप झालं, त्यात शिळा पाव घालतात. शैला म्हणाली, आमच्याकडे शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकतात. मग दोघींनी तेही केलं. मला कुणी आत बोलवत नव्हतं. मी बाहेरच्या ओट्यावर बसून ऑलिव्हची झाडं मोजायचो. एकशे बारा होती.

आता शनिवार. शनिवारी ग्राझिएलाबाई बाहेरच्या लोकांसाठी अंगणात लांब टेबल मांडून जेवण घालायच्या. हे जाहिरातीत होतं. म्हणजे मी वाचलेलं नव्हतं. शैला ॲप्रन बांधून भांडी बाहेर आणत होती, मी पाणी वाढत होतो. एक मोठी गाडी आली, आणि त्यातून कोण उतरावं? देशमुख आणि देशमुख वहिनी, लाँग वीकएंडला वाइनरी बघायला निघालेले.

मी पाण्याचा जग घेऊन कौलारू घराच्या मागे सटकणार, तेवढ्यात वहिनींनी पकडलं. “भाऊजी, तुम्ही तर इटलीत होते ना? मग इथं पाणी वाढून काय राहिले?”

माझं डोकं अशा वेळी फार वेगात चालतं, आणि चुकीच्या दिशेने. मी म्हणालो, फ्लाइट कॅन्सल झाली, वादळ होतं. देशमुख म्हणाले, कुठे? मी म्हणालो, रोमवर. अहो, मग तिथले लोक संप पण करतात, मग लगेज पण गेलं, असं मी वाढवतच नेलं. लगेज गेलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून उभा आहे, हे वहिनींना दिसत होतं. आणि मागे शैला शेवयांचं मोठं भांडं घेऊन उभी होती.

तिने भांडं टेबलावर ठेवलं. हात पुसले. म्हणाली, “वहिनी, यांनी हेच बुक केलं होतं. यांना वाटलं ही इटली. बसा, गरम आहे तोवर वाढते.”

एवढंच. आवाज न चढवता. देशमुख खाली मान घालून पावाला तेल लावायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. तुमच्यासारखेच.

घरी परत पोचायच्या आधी सगळ्या मंडळाला कळलं होतं, हे सांगायला नकोच. पण मला लागलं ते वेगळंच. शेवटच्या दिवशी मी सामान गाडीत भरत होतो आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. शैला विचारत होती, मुलं झाली, मोठी झाली, नवरा गेला, मग तुम्ही अजून गावी का नाही गेलात? ग्राझिएलाबाई म्हणाल्या, एकटी कशी जाऊ, कुणाबरोबर जाऊ? आणि शैला लगेच, एक क्षणही न थांबता म्हणाली, “माझ्याबरोबर.”

मी डिकी उघडी धरून उभा राहिलो. वाटलं, आता माझं नाव येईल. ‘आम्ही दोघं येतो’ असं काहीतरी. आत कपबशा धुतल्याचा आवाज येत राहिला.

परत आल्यावर तिने पासपोर्टचा फॉर्म स्वतः भरला, स्वतः पोस्टात टाकला. तिकीट स्वतः काढलं. मी एकदा म्हटलं, मी बघू का काही? ती म्हणाली, नको, तुम्ही राहू द्या. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

एप्रिलच्या शेवटी मी दोघींना एअरपोर्टला सोडलं. तीन आठवड्यांसाठी म्हणून गेल्यात, आज सहावा आठवडा आहे. ग्राझिएलाबाईंच्या मावसबहिणीने डोंगरावरचं जुनं घर उघडून दिलंय त्यांना. फोन येतो. परवाही सकाळी आला. मी विचारलं, गाव कसं आहे? म्हणाली, माणसं फार मायाळू. रोज कुणी ना कुणी घरून काहीतरी करून आणून देतं. मसुराची आमटी, चेस्टनटच्या पिठाचा केक, ताजं चीज. मी म्हटलं, अरे वा, पाहुण्यांचं एवढं करतात?

ती म्हणाली, तसं नाही. ग्राझिएलाचा नवरा गेला हे सगळ्यांना माहीत आहे. दोघी बायका एकट्याच आलेल्या बघून गावाला वाटतंय की माझाही गेला.

मी म्हटलं, मग तू सांगितलं नाहीस?

“सांगणार आहे,” ती म्हणाली. “पण आज समोरच्या आजी रानातल्या ॲस्परॅगसचं ऑम्लेट घेऊन येणार आहेत. एवढं खाऊन घेते, मग बघू.”

तिने फोन ठेवला. कैलासवासी श्रीनिवास उठले आणि स्वतःपुरता वरणभाताचा कुकर लावला.